जुन्या लुगड्यांचा जोडधंदा : हिशोब टाक्याचा



ऊस विकास विभागाच्या माणसाने सुई-दोऱ्यावर का लिहावे, असे काही सभासद म्हणतील. कारण असे की, उन्हाळ्यात खोडव्याच्या पाहणीला वस्तीवर गेले की सोप्यात वाकळ शिवणं चाललेलं हमखास दिसतं. "साहेब, ही विकली तर काय येतील?" हा प्रश्नही आता बऱ्याच घरांतून विचारला जातो. आडसाली लागणीचा पैसा हाती यायला दीड वर्ष जाते, बाजारखर्च मात्र दर आठवड्याला असतो. तेव्हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट आकडेमोड करूनच दिले पाहिजे.

पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, असे आम्ही कायम सांगत असतो. ट्रंकेतल्या जुन्या कापडाचेही तसेच आहे. चार सुती लुगडी बोहारणीला देऊन आपण एक पातेले घेतो आणि सौदा बरा झाला म्हणतो. बोहारीण काही वेडी नव्हे. ती प्रत्येक नग उलगडते, उजेडात धरते, काठ ओढून बघते आणि मगच भांड्यावर हात ठेवू देते. धंद्याचा पहिला धडा तिच्याकडूनच घ्यावा. तो म्हणजे निवड.

निवड कशी करायची? कापड उन्हाकडे धरावे. मध्ये विरळ, जाळीसारखे दिसले तर ते आतल्या थराला ठेवावे, वर घेऊ नये. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणावे. टरकन फाटले तर ते फडक्यालाच. सुती आहे की पॉलिएस्टर हे ओळखायला कडेचे दोन दोरे काढून चिमट्यात धरून पेटवावेत. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात. रंग जातो का ते पाहायला ओले पांढरे फडके चोळावे. एका लाल साडीने अख्खी वाकळ गुलाबी होते, बरं का. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणी विसरतात. जुने कापड आटून बसलेले असते, नवे अस्तर आटायचे असते. म्हणून नवे कापड आधी भिजवून, वाळवूनच जुन्याला जोडावे. नाहीतर पहिल्या धुण्यातच सुरकुत्या पडतात आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

आता मुख्य मुद्दा हिशोबाचा. कापड घरचे, दोरा काय चार पैशांचा, म्हणजे येईल तो नफाच, अशी समजूत असते. उसाच्या खर्चात घरच्या माणसांची मजुरी न धरणारा शेतकरी हीच चूक करतो. आपण एकराच्या चार फुटी सरीचे 10,890 फूट काढतो ना, तसेच वाकळेचे काढू.

पाच फूट बाय सात फुटांची वाकळ धरा. म्हणजे 35 चौरस फूट. साडेपाच मीटरची साडी साधारण 18 फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, म्हणजे एका साडीत जवळजवळ दोन थर निघतात. चार थरांना दोन साड्या आणि थोडी ठिगळे पुरतात. कापड एवढेच. पण धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर घातल्या तर एकूण शिवण 840 फूट होते! घड्याळ समोर ठेवून एक तास शिवा आणि किती फूट झाले ते टेपने मोजा. समजा 20 फूट झाले, तर वाकळेला 42 तास लागले. तासाला 50 रुपये धरले (तुमच्या गावातला चालू रोज बघून आकडा बदला) तर मजुरीच 2,100 रुपये. धुणे, दोरा, अस्तर यांचे 150 धरून 2,250 रुपये झाले आणि यात नफा अजून आलाच नाही. हीच वाकळ शेजारणीच्या भिडेने 900 रुपयांना दिली, तर तासाला 18 रुपयेसुद्धा सुटत नाहीत.

मग करायचे काय? माझ्या मते सुरुवात लहान नगांनी करावी. आपल्याकडे बाळंतविड्यात झबले, टोपरे, दुपटे, लहान गोधडी लागतेच आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाइतके बाळाला मानवणारे दुसरे कापड नाही. तीन फूट बाय अडीच फुटांच्या गोधडीला अर्ध्या इंचाच्या ओळींनी 180 फूट शिवण येते, म्हणजे नऊ तास. साहित्य धरून खर्च 500 रुपये. ओळी एक इंचावर घेतल्या तर साडेचार तास आणि 275 रुपये. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला फरक दाखवा. ते आपण होऊन निवडते. झबल्याला गुंडी, टिकली, मणी लावू नयेत. पाठीमागे कापडी बंद पुरे. बाळाचे सगळे कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे आणि ते जुने आहे हे विकताना स्पष्ट सांगावे. लपवून विकलेला माल एकदाच खपतो.

मोठ्या वाकळेला 2,250 रुपये कोण देतो? दुकानातल्या ब्लँकेटशी तुलना करणारा देत नाही. पण आईची, आजीची लुगडी घेऊन जो स्वतः तुमच्या दारात येतो, तो देतो. शहरात गेलेल्या आपल्याच मुला-मुलींत अशी माणसे पुष्कळ आहेत. हे काम मजुरीवर घ्यावे, कापड त्यांचे. मात्र जबाबदारी मोठी. कापड आले की नग मोजून वहीत लिहावेत, फोटो काढावा, प्रत्येक गाठोड्याला नावाची चिठ्ठी टाचावी. कात्री लावण्यापूर्वी पदर कुठे हवा, काठ कुठे हवा हे विचारावे आणि निम्मी मजुरी आगाऊ घ्यावी. दोन घरांची लुगडी एकमेकांत मिसळली तर पैसे परत देऊन भागत नाही. गेलेल्या माणसाचे लुगडे कुठून आणणार?

बंगालात जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात, बिहारात सुजनी. तिथेही मुळात हे घरच्या वापराचेच काम होते, पुढे ते बाजारात गेले. पानिपतला लोकरी चिंध्यांचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणतात, पण ती कारखानदारी झाली. आपल्या सोप्यात ती बसणारी नाही.

कर्ज काढून सुरुवात करू नये. घरात शिलाई मशीन असेल तर कडा आणि झबली त्यावर होतात. दहा नग विकून, वहीत तास आणि पैसे लिहून झाले की मग भांडवलाचा विचार करावा. त्यावेळी 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी कोणी हजार-पाचशे मागितले तर देऊ नयेत. बचत गटात काम करणार असाल तर नफा सारखा वाटू नका, तासाप्रमाणे वाटा. गट मोडतात ते बहुधा याच कारणाने.

शेवटी उरलेल्या कातरणाविषयी. सुती चिंध्या उशीत, लोडात भराव्यात. अगदीच बारीक, रंग न जाणाऱ्या असतील तर कंपोस्ट खड्ड्यात टाकल्या तरी कुजतात. पॉलिएस्टरच्या चिंध्या मात्र पाचटात मिसळू नयेत, त्या कुजत नाहीत आणि आंतरमशागतीच्या वेळी औताला गुंडाळतात. चुलीतही घालू नयेत.

— ऊस विकास अधिकारी