घरातील खेळ आणि थोरलीची शाळा

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले यांवर त्यांनी भर दिला. घरीही हेच साधते. पावसात ओटीवर खडूच्या रेघेवर चिंचोके मांडावेत, मातीचे बैल घडवावेत. उघडीप होताच अंगणात लंगडी घालावी, सावली पावलांनी मोजावी. मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके वा खडे देऊ नयेत. ते नाकाघशात अडकतात.

धाकट्यास सांभाळण्यापायी थोरली बहीण शाळेस मुकते. यास्तव शिक्षकांनी पालकसभेत हे खेळ आजी-आजोबांस प्रत्यक्ष करून दाखवावेत. धाकटे त्यांच्यापाशी रमले, तर थोरलीची पाटी कोरी राहणार नाही.