बी.आर्क. झालं, आता अर्बन डिझाइन कशाला?

‘पाच वर्षं आर्किटेक्चर केलं, आता आणखी दोन वर्षं कशाला?’ हा आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे. मुलं त्याचं उत्तर बहुधा ब्रोशरमधून वाचून दाखवतात आणि घरात कुणाचंच समाधान होत नाही.

ढोबळमानाने सांगायचं तर आर्किटेक्टचं काम प्लॉटच्या कुंपणाच्या आत चालतं. वस्ती कुठे, कारखाने कुठे, रस्ता कुठून, हे प्लॅनर शहराच्या विकास आराखड्यावर, म्हणजे डीपीवर, ठरवतो. या दोहोंच्या मधला प्रदेश अर्बन डिझायनरचा. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ ऐसपैस झाला, त्यावर बाकं आली, मुलांना खेळायला जागा झाली, ते याच विषयातलं काम. पी. के. दास यांनी आखलेला वांद्र्याच्या कार्टर रोडचा समुद्रकाठही त्यातलाच.

हा विषय वर्गात बसून कमी आणि स्टुडिओत जास्त शिकला जातो. एक जागा घ्यायची आणि सबंध सेमिस्टर तिच्यामागे लागायचं. समजा, दादर स्टेशनची पश्चिम बाजू घेतली. एका दुकानाच्या उंबऱ्यापासून समोरच्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत टेप लावून रस्त्याचा छेद काढायचा: पायरी, ताडपत्री, फेरीवाल्याची पाटी, चालणाऱ्याला उरलेली जागा, मग गाड्या. हाच छेद पहाटे फुलबाजार भरलेला असताना, दुपारी आणि संध्याकाळी लोकल सुटल्यावर पुन्हा काढायचा. तिन्ही कागद शेजारी लावले की एकच रस्ता तीन वेगळे रस्ते होऊन दिसतो. फूटपाथ ‘मोकळा’ करा म्हणणाऱ्याला मग विचारता येतं, कोणत्या वेळचा?

स्टुडिओच्या गटात परदेशी विद्यार्थी असला तर वादाला धार येते. आपल्या मुलीला फूलवाली कधी येते, माल कुठे ठेवते हे ठाऊक असतं. पण म्हाताऱ्या माणसाला इथे बसायला जागा का नाही, हा प्रश्न सवयीमुळे तिला सुचलेलाच नसतो. तो बाहेरचा विचारतो. मात्र सगळा गट चार दिवस फोटो काढून परतणार असेल, तर त्याला सहल म्हणावं.

मुंबईकडे तर जगाचं लक्ष आहेच. हार्वर्डमध्ये राहुल मेहरोत्रा यांनी ‘एक्स्ट्रीम अर्बनिझम’ या नावाने मुंबईवर स्टुडिओ घेतले. ते स्वतः अहमदाबादेत आर्किटेक्चर शिकले आणि 1987 मध्ये हार्वर्डमधून अर्बन डिझाइनची पदव्युत्तर पदवी घेऊन मुंबईत कामाला लागले. गावची माहिती हे या विषयात भांडवल असतं, हे मुलांना पटवायला हे एक उदाहरण पुरे.

आपल्याकडे जुहूचं कमला रहेजा विद्यानिधी, अहमदाबादचं सेप्ट आणि दिल्लीचं एसपीए ही ओळखीची नावं. एसपीएसारख्या संस्थांसाठी गेट परीक्षा महत्त्वाची. सेप्टची प्रवेशप्रक्रिया वेगळी, आणि तिथे पोर्टफोलिओ नीट हवा.

परदेशी जायचं तर अमेरिका-इंग्लंडच्या आधी जर्मनीचा हिशेब मांडून बघा. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात अर्बन डिझाइनचा एम.एस्सी. इंग्रजीत शिकता येतो आणि शांघायच्या तोंगजी विद्यापीठाबरोबर दुहेरी पदवीची सोयही आहे. शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क आहे. फुकट मात्र समजू नका. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो आहे. त्याआधी आपल्या पदव्या तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र हवं, आणि त्याला वेळ लागतो. शिवाय सगळी जर्मन राज्यं सारखी नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात.

आता नोकरीचं. आपल्याकडे ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचा हक्क 1972 च्या वास्तुविशारद कायद्याखालच्या नोंदणीने मिळतो आणि ती बी.आर्क.वर होते. अर्बन डिझाइनचं वेगळं लायसन्स नाही. महापालिकांची कामं घेणाऱ्या सल्लागार कंपन्या, मेट्रो स्टेशनांच्या परिसराचे आराखडे, नदीकाठ, जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास अशी कामं मिळतात, पण ती टेंडरच्या चालीने चालतात आणि सुरुवातीचा पगार पाहून हिरमोड होऊ शकतो. सरकारी नगररचना खात्यावर डोळा असेल तर एम.प्लॅन. जास्त जवळचं, म्हणून जाहिरातीतली पात्रता आधी वाचा.

म्हणून माझं स्पष्ट मत: बी.आर्क. संपल्या संपल्या जाऊ नये. दोन वर्षं साइटवर, महापालिकेच्या खिडकीवर, कंत्राटदाराशी डोकेफोड करण्यात घालवावीत. स्टुडिओत प्रश्न विचारायला तेव्हा काहीतरी हाताशी असतं. आणि परदेशात स्थायिक व्हायचं एवढाच हेतू असेल, तर त्यासाठी हा विषय निवडू नये. बाहेरच्या शहरांतलं हे काम स्थानिक भाषा आणि स्थानिक नियम येणाऱ्याकडेच आधी जातं.

पालकांनी एक करावं. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मुलांबरोबर कॉलेजच्या वर्षअखेरच्या प्रदर्शनाला जावं. परदेशातलं असेल तर विद्यार्थ्यांचं काम ऑनलाइन पाहावं. नुसती चकाचक थ्रीडी चित्रं असतील आणि त्या जागेवर राहणारा माणूस, त्याचा धंदा, त्याच्या वेळा कुठेच दिसत नसतील, तर नाव कितीही मोठं असो, तिथे पैसे घालू नका.