कामगार न्यायालयातली तक्रार : राहून गेलेला मजकूर नंतर घालता येतो का?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर होतो. खात्यांतर्गत चौकशी करून मला बडतर्फ केलं. अनुचित कामगार प्रथांच्या १९७१च्या कायद्याखाली मी कामगार न्यायालयात मुदतीत तक्रार केली. कंपनीची कैफियत आली, मुद्देही निघाले. माझं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र अजून द्यायचं आहे. आता तक्रार वाचताना तीन गोष्टी राहिलेल्या दिसतात. चौकशीत मला सुपरवायझरचा उलटतपास घेऊ दिला नाही. काढल्यापासून मी बेकार आहे. आणि त्याआधी कित्येक वर्षं मला टेम्पररी ठेवलं होतं. हे सगळं आता तक्रारीत घालता येईल का? की साक्षीत सांगितलं तरी भागेल?
— एक वाचक, चाकण

उत्तर : साक्षीवर विसंबून राहू नका. जी हकिगत तक्रारीत नाही, तिच्यावर दिलेला पुरावा कोर्ट सहसा विचारात घेत नाही. समोरच्या वकिलांचा पहिला आक्षेप हाच असतो : हे तक्रारीत कुठे आहे? त्यामुळे दुरुस्ती अर्ज द्या, आणि प्रतिज्ञापत्र दाखल करण्याआधी द्या.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७मध्ये दुरुस्तीची तरतूद आहे. वादाचा खरा निर्णय होण्यासाठी गरजेची दुरुस्ती कोर्ट मंजूर करू शकतं. मात्र सुनावणी सुरू झाल्यावर अर्ज आला, तर पुरेशी दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडता आली नाही, हे अर्जदाराला पटवून द्यावं लागतं. ही अट २००२ पासून आहे. कामगार न्यायालय या संहितेला शब्दशः बांधलेलं नसलं, तरी तत्त्वं तीच लावली जातात. म्हणून तुमची आजची वेळ मोलाची आहे.

आता तुमच्या तीन गोष्टी.

पहिली, उलटतपासाची. ही दुरुस्ती तुमच्या केसचा गाभा आहे. नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून केलेली बडतर्फी ही १९७१च्या कायद्याच्या अनुसूची ४मधल्या बाब १ची अनुचित प्रथा आहे. चौकशी न्याय्य होती की नाही, हा मुद्दा बहुतेक वेळा कोर्ट आधी निकाली काढतं. म्हणजे दुरुस्ती त्याच्या आत व्हायला हवी. ‘चौकशी अन्यायाची होती’ एवढं मोघम वाक्य घालून भागणार नाही. असं लिहा : अमुक तारखेला सुपरवायझरची साक्ष झाली, मी उलटतपास मागितला, चौकशी अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि त्याच बैठकीत पुरावा बंद केला. चौकशीच्या कागदांत त्या दिवशीची नोंद असेल तर तिचं पान सांगा.

दुसरी, बेकारीची. मागच्या पगाराचा सगळा डोलारा या एका विधानावर उभा राहतो. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बडतर्फी चुकीची ठरली तर सेवेतल्या सलगतेसह आणि मागच्या पगारासह कामावर घेणं हा सर्वसाधारण नियम. पण त्यासाठी आपण कुठे पगारी कामावर नव्हतो, किंवा कमी पगारावर होतो, हे कर्मचाऱ्याने निवेदनात किंवा निदान जबाबात सांगायला हवं. ते सांगितलं, की तो दुसरीकडे कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते. मधल्या काळात रिक्षा चालवली असेल, किरकोळ कामं केली असतील, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. उलटतपासात उघडं पडलेलं खोटं बाकीच्या खऱ्या हकिगतीलाही मारक ठरतं.

तिसरी, टेम्पररी ठेवल्याची. वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही त्याच अनुसूचीतली बाब ६ आहे, आणि ती औद्योगिक न्यायालयाच्या अखत्यारीत येते. कामगार न्यायालय बाब १च्या तक्रारी चालवतं. शिवाय तक्रारीची मूळ मुदत ९० दिवसांची. उशिराचं सबळ कारण वेगळं दाखवावं लागेल. दुरुस्तीच्या वाटेने अशी मुदतीबाहेरची नवी मागणी सहसा आत आणता येत नाही. नोकरीचा पूर्वेतिहास म्हणून दोन ओळी लिहायला हरकत नाही, दाद मात्र इथे मागू नका.

आणखी एक काम करा : कंपनीची कैफियत बारकाईने वाचा. चौकशी सदोष ठरली तर आरोप कोर्टात नव्याने सिद्ध करण्याची संधी मालकाला मिळू शकते, पण ती त्याने वेळेत मागायला हवी. बँक ऑफ बडोदाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात ही मागणी घालण्यासाठी बँकेने केलेला उशिराचा दुरुस्ती अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मान्य केला नाही. २००१ मध्ये कर्नाटकच्या एसटी महामंडळाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीच भूमिका कायम ठेवली : मालकाने हा हक्क कैफियतीतच राखून ठेवावा. उशिराची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते.

अर्जात नवा मजकूर कोणत्या परिच्छेदानंतर येणार, हे नेमकं सांगा. आधी का लिहिला नाही, याचं खरं कारण द्या आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. कंपनी आपलं म्हणणं देईल. कोर्ट थोडा खर्चही बसवू शकेल. तक्रारीत आधी दिलेली कबुली पुसण्याचा प्रयत्न करू नका, त्याला कोर्ट सहसा मान्यता देत नाही. अर्ज फेटाळला गेला, तर याच कायद्याच्या कलम ४४ खाली औद्योगिक न्यायालयात दाद मागता येते.

आणि अर्ज मंजूर झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. आदेशातल्या मुदतीत मूळ तक्रारीत प्रत्यक्ष दुरुस्ती करावी लागते आणि दुरुस्त प्रत समोरच्यांना द्यावी लागते. आदेशात मुदत दिलेली नसेल तर संहितेप्रमाणे ती १४ दिवसांची. मुदत गेली आणि वाढवून घेतली नाही, तर मिळालेली परवानगी वाया जाते.

तेव्हा या आठवड्यातच वकिलांसोबत बसा, तक्रार ओळीने वाचा आणि पुढच्या तारखेला दुरुस्ती अर्ज दाखल करा. प्रतिज्ञापत्र त्यानंतर.