देहाची सूचना

सणावाराला पुरणपोळीचे जेवण झाले, की मोठी माणसे ओसरीवर आडवी होतात. पोटभर जेवल्यावर डोळ्यांवर पेंग येते, ती काही रोगाची खूण नव्हे. परंतु रोजच्या साध्या जेवणानंतरही अंग गळून जात असेल, पाणी पिऊनही घशाची कोरड जात नसेल, वारंवार लघवीला जावे लागत असेल किंवा दृष्टी अंधूक होत असेल, तर त्या सूचनेकडे दुर्लक्ष करू नये.

भात-भाकरीतील पिष्टापासून पचनानंतर ग्लुकोज नावाची साखर तयार होते. ती रक्तावाटे शरीरभर फिरते. ती पेशींत शिरावी म्हणून जठरामागील स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा रस रक्तात सोडते. हा रस कमी पडला किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला, की साखर रक्तातच साठते. अन्न दाराशी येऊनही पेशी उपाशी राहतात, म्हणून थकवा येतो. जादा साखर मूत्रावाटे जाताना पाणीही बरोबर नेते, म्हणून तहान लागते. हाच मधुमेह. अशा मूत्राकडे मुंग्या धावतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनीही पाहिले होते.

पूर्वी हा रोग जडलेली मुले फार काळ जगत नसत. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या कृश मुलाला ते टोचण्यात आले. पहिल्या वेळी फारसा गुण आला नाही. मात्र अधिक शुद्ध केलेल्या औषधाने साखर उतरली, आणि तो आणखी तेरा वर्षे जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन होय. आपला बालदिनही त्याच दिवशी असतो.

मुलांनो, लक्षणे ही केवळ सूचना आहे, निर्णय नव्हे. कित्येकांना मधुमेह असूनही काहीच जाणवत नाही. खरा निर्णय रक्ततपासणीच देते. जेवणानंतर दोन तासांनी निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साखर सामान्यतः १४० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. म्हणून वर सांगितलेली चिन्हे दिसली, विशेषतः वजन घटू लागले, तर संकोच न करता आईवडिलांना सांगावे व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

इन्शुलिन घेणारा एखादा सोबती एकाएकी थरथरू लागला, घामाघूम झाला, तर त्याची साखर उतरली असण्याचा संभव असतो. तो शुद्धीवर असल्यास त्याला लगेच साखर किंवा साखरेचे पाणी द्यावे आणि मोठ्या माणसांना बोलवावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तत्काळ डॉक्टरांची मदत मिळवावी.

देह बोलत नाही, परंतु सुचवितो. ते ऐकण्याची सवय लहानपणीच लागलेली बरी.

स्वाध्याय

१. मधुमेहात अन्न खाऊनही थकवा का येतो?
२. 'लक्षणे ही केवळ सूचना आहे, निर्णय नव्हे.' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. वाक्यांत उपयोग करा : अंग गळणे, दुर्लक्ष करणे, गुण येणे.