कोंबडीचे मांस धुवावे काय? — आरोग्यशिक्षणाचा एक पाठ

इयत्ता : सहावी व सातवी. विषय : सामान्य विज्ञान व आरोग्य. वेळ : दोन तासिका.

प्रास्ताविक

स्वच्छता म्हणजे धुणे, हा धडा आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकविला आहे आणि तो योग्यच आहे. हात धुवावे, फळे धुवावी, पालेभाजी दोन पाण्यांतून काढावी, हे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. शिजविण्यापूर्वी कोंबडीचे कच्चे मांस पाण्याने धुतल्यास स्वच्छता वाढत नाही; उलट मांसावरील रोगजंतू घरभर पसरण्याचा संभव वाढतो. ही गोष्ट रूढ समजुतीच्या विरुद्ध असल्यामुळे ती केवळ सांगून भागत नाही. ती मुलांना दाखवावी लागते. या दृष्टीने पुढील पाठाची आखणी केली आहे.

शिक्षकांसाठी माहिती

धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यांतही माणसास अपायकारक असे जंतू असू शकतात. त्यांपैकी दोन प्रमुख आहेत. पहिला साल्मोनेला. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी तो शोधून काढला. त्यास नाव मात्र मिळाले ते त्यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचे. दुसरा कॅम्पिलोबॅक्टर. हा जुलाबाच्या विकाराचे एक नित्याचे कारण आहे, हे इंग्लंडमधील वूस्टर येथील डॉ. मार्टिन स्किरो यांनी १९७७ साली दाखवून दिले. कोंबडी कापताना व सोलताना हे जंतू आतड्यांतून मांसावर येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास येत नाही आणि मांस अगदी ताजे असले तरी ते त्यावर असू शकतात.

या जंतूंमुळे ताप, पोटात कळा व जुलाब होतात. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व अशक्त माणसे यांना त्यांचा उपद्रव अधिक होतो. कॅम्पिलोबॅक्टरचा विकार बहुधा दोन ते पाच दिवसांनी उद्भवतो. म्हणून रविवारी कोंबडी शिजली आणि बुधवारी मूल आजारी पडले, तर त्या दोन गोष्टींचा संबंध घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘आम्ही वर्षानुवर्षे धुतो, कधी काही झाले नाही,’ असे जे म्हटले जाते, त्याचे एक कारण हेच होय.

आता धुण्याचा परिणाम पाहू. जंतू मांसाच्या पृष्ठभागास व कातडीच्या सुरकुत्यांस चिकटून असतात. साध्या पाण्याने त्यांपैकी काही सुटतात, बरेचसे राहतात, आणि जे सुटतात ते मरत नाहीत. ते शिंतोड्यांबरोबर शेजारच्या भांड्यांवर, चिरलेल्या कांद्यावर, कोथिंबिरीवर व अंगावरील कपड्यांवर जाऊन बसतात. हळद, मीठ अथवा लिंबू चोळल्याने मांसास चव येते. जंतू नाहीसे होण्याची खात्री त्याने मिळत नाही. ती खात्री केवळ उष्णता देते. मांसाच्या गाभ्याचे तापमान ७४ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले म्हणजे हे जंतू मरतात. खळखळून उकळलेल्या रश्शात लहान तुकडे पुरेसा वेळ शिजले की हे साध्य होते. मोठ्या तुकड्यांत हाडाजवळचा भाग कच्चा राहू नये, याकडे विशेष लक्ष द्यावे.

परदेशांतील अनुभव

ही धुण्याची सवय केवळ आपल्याकडील आहे असे नव्हे. ब्रिटनमध्ये २०१४ साली तेथील अन्न-मानक संस्थेने पाहणी केली तेव्हा शेकडा ४४ माणसे कोंबडी धुऊनच शिजवितात, असे आढळले. त्यावर ‘कच्ची कोंबडी धुऊ नका’ असा प्रचार त्या संस्थेने हाती घेतला.

अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१९ साली एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मांसावर निरुपद्रवी पण ओळखता येतील असे जंतू लावून लोकांना स्वयंपाक करावयास दिला. ज्यांनी मांस धुतले त्यांच्यापैकी शेकडा ६० जणांच्या सिंकमध्ये ते जंतू सापडले. सिंक साफ करण्याचा प्रयत्न केल्यावरही शेकडा १४ जणांच्या सिंकमध्ये ते उरलेच. शेकडा २६ जणांच्या बाबतीत ते कच्च्या खाण्याच्या सॅलडच्या पानांपर्यंत पोहोचले.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट लपवून ठेवू नये. ज्यांनी मांस मुळीच धुतले नाही, त्यांच्यापैकीही शेकडा ३१ जणांच्या सॅलडवर जंतू आढळले. कारण उघड आहे : मांस धुतले नाही, पण हातही नीट धुतले नाहीत. तेव्हा ‘धुऊ नका’ एवढेच सांगणारा पाठ अपुरा होय. पूर्ण पाठ असा : मांसाची शुद्धी अग्नीने होते, हातांची व भांड्यांची पाण्याने व साबणाने.

वर्गातील प्रयोग

साहित्य : एक मोठा बटाटा, जुने मऊ फडके, लाल शाईचे पाणी, पसरट ताट, पांढऱ्या कागदांचे ताव, तांब्या, फूटपट्टी.

बटाट्याभोवती फडक्याच्या दोन घड्या गुंडाळून तो शाईच्या पाण्यात बुडवावा व ताटात ठेवावा. ताटाच्या चहूबाजूंस कागद पसरावे. प्रथम चार बोटे उंचीवरून तांब्याने पाणी ओतावे. लाल ठिपके कोठवर गेले ते फूटपट्टीने मोजून फळ्यावर लिहावे. नंतर कागद बदलून व फडके पुन्हा शाईत बुडवून तितकेच पाणी हातभर उंचीवरून ओतावे व पुन्हा मोजावे. प्रयोग शिक्षकांनी आधी एकदा स्वतः करून पाहावा. उंची वाढली की शिंतोडे अधिक उडतात, हेच २०२२ साली खऱ्या कोंबडीवर प्रयोग करणाऱ्या संशोधकांनाही दिसून आले. मऊ कातडीवर धार पडून तेथे खळगा होतो आणि त्यातून पाणी उसळते, असेही त्यांना आढळले.

प्रयोगानंतर विचारावयाचे प्रश्न :

१. कागदावर ठिपके दिसतात. त्यांना रंग नसता तर ते दिसले असते काय?
२. या कागदाच्या जागी चिरलेला कांदा असता तर तो शिजणार होता काय?
३. फडक्यावरील सर्व शाई निघून गेली काय?

मुलांनी लिहून घ्यावयाचे नियम

१. कच्चा कांदा, कोथिंबीर, कोशिंबीर यांची तयारी मांस हाती घेण्यापूर्वी करून झाकून ठेवावी.
२. स्वच्छ करून आणलेले मांस न धुता पातेल्यात घालावे. पीस अगर हाडाचा कण राहिला असेल तर हाताने काढावा.
३. मांस हाताळलेल्या हाताने पिण्याच्या हंड्यात तांब्या बुडवू नये. हात धुण्यास दुसऱ्याने पाणी घालावे व साबणाने २० सेकंद चोळून हात धुवावे.
४. विळी, सुरी, फळी व मोरी साबण व गरम पाण्याने घासावी.
५. मांस पूर्ण शिजवावे; शिजलेले मांस कच्च्या मांसाच्या भांड्यात पुन्हा काढू नये.

घरीच कापलेल्या कोंबडीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिचे रक्त व पिसे काढणे भागच असते. ते काम स्वयंपाकघराबाहेर, पिण्याच्या पाण्यापासून दूर करावे. वरून धार न सोडता पसरट भांड्यात संथपणे पाणी वापरावे, आणि ते पाणी विहिरीपासून अगर हातपंपापासून लांब खड्ड्यात ओतावे. नंतर भांडे, जागा व हात साबणाने धुवावे.

शिक्षकांस सूचना

वर्गात मांसाहार न करणारी मुले असतात. हा पाठ कोणत्याही आहाराची भलावण अगर निंदा करीत नाही; हात, हंडा व उष्णता यांविषयीचे नियम सर्व घरांना लागू आहेत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलाने घरी जाऊन आईस ‘तुझे चुकते’ असे म्हणावे, हा या पाठाचा हेतू नव्हे. आई मांस धुते ती मुलांच्या काळजीपोटीच धुते. तेव्हा मुलांना घरी उपदेश करावयास न सांगता, प्रयोग करून दाखवावयास सांगावे. शक्य असेल तेथे माता-पालकांच्या सभेत हाच प्रयोग करावा. ठिपके पाहिल्यावर फारसे सांगावे लागणार नाही.

जुलाब झालेल्या मुलास जलसंजीवनी वेळोवेळी पाजावी. ताप चढल्यास, शौचावाटे रक्त गेल्यास अगर मूल मलूल दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाविलंब न्यावे, हेही त्या सभेत सांगावे.

गृहपाठ

आपल्या स्वयंपाकघराचा आराखडा काढावा. मांस, पिण्याचे पाणी, कच्ची भाजी व मोरी यांच्या जागा त्यात दाखवाव्या. यांपैकी कोणत्या दोन वस्तूंमध्ये अंतर वाढविता येईल, ते घरातील मोठ्या माणसांना विचारून चार ओळींत लिहावे. निवडक आराखडे वर्गाच्या भिंतीवर लावावे व पाठाची नोंद टाचणवहीत करावी.