पोरगं गेम खेळत नाही, कन्सोल बनवतंय

सीईटीचा निकाल लागला की जेहान सर्कलपासून पुढच्या सगळ्या सोसायट्यांमध्ये एकच विषय: कॉम्प्युटर मिळेल की दुसऱ्या कुठल्या शाखेवर भागवावं लागेल? त्याच धामधुमीत गंगापूर रोडवरचे एक बाप-लेक माझ्याकडे आले. वडील अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "सर, बारावीच्या वर्षात ह्याने रात्र रात्र गेममध्ये घालवली. आता म्हणतो, खेळत नव्हतो, इम्युलेटर लिहीत होतो. तुम्हीच विचारा त्याला, काय असतं ते."

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राचं सोंग दुसऱ्या यंत्राने वठवायचं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा तो डबा आणि त्यात खुपसायची पिवळी कॅसेट आठवते? ते डबे म्हणजे बहुतेक निन्टेंडोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. आत १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि कामापुरती २ केबी मेमरी. इम्युलेटर लिहिणारा त्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचतो आणि खऱ्या चिपने जे केलं असतं तेच आपल्या प्रोग्रॅमकडून करून घेतो. चित्र काढणारी चिप वेगळी, तिचा ताल वेगळा, तोही सांभाळायचा. मारिओ कुठे उडी मारतो हे इम्युलेटरला ठाऊकच नसतं. चिप नीट वठली की मारिओ आपोआप उडतो.

मुलाने सुरुवात मात्र चिप-८ पासून केली होती, आणि ते शहाणपणाचं होतं. हे खरं यंत्रच नव्हे. १९७०च्या दशकात जोसेफ वाइसबेकर यांनी छोट्या कॉम्प्युटरवर खेळ लिहिणं सोपं जावं म्हणून कल्पिलेलं यंत्र: ३५ आज्ञा, १६ रजिस्टर, ६४ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा. मी म्हटलं, "चाललेलं नको दाखवूस, अडलेलं दाखव." तो खुलला. विटा फोडायच्या खेळात त्याचा चेंडू हवेतच एका जागी थरथरत राहायचा आणि गुण मात्र धडाधड वाढायचे. त्यात तीन रात्री गेल्या. चिप-८ मध्ये पेटलेल्या ठिपक्यावर पुन्हा ठिपका काढला की तो विझतो, आणि असा एखादा ठिपका विझला तर एका रजिस्टरमध्ये १ लिहायचा. खेळाला टक्कर कळते ती एवढ्यावरूनच. पठ्ठ्या आधी ठिपका बदलायचा आणि मग तो पेटलेला आहे का ते बघायचा. साहजिकच मोकळ्या हवेत टक्कर आणि विटेवर काहीच नाही. दोन ओळींची अदलाबदल केली, चेंडू सुटला.

वडील इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे पीएलसीचा प्रोग्रॅम मशिनवर टाकायच्या आधी लॅपटॉपवर चालवून बघतात, तसंच?" अगदी तसंच. नातं जवळचं आहे, घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

आता पालकांचा खरा प्रश्न. "इम्युलेटर लिहिणारा हवा" अशी जाहिरात नाशिकला शोधत बसू नका. डॉल्फिन, पीसीएसएक्स२, मेम ही या जगातली मोठी नावं. त्यांतलं बहुतेक काम स्वयंसेवक फावल्या वेळात करतात. पण हेच कसब दुसऱ्या नावाने पगार देतं. फाब्रिस बेलार यांचा क्यूईएमयू २००३ मध्ये आला. अँड्रॉइड ॲप लिहिणारे जो इम्युलेटर वापरतात तो त्याच्यावरच उभा आहे. ॲपलने २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःची चिप घेतली तेव्हा जुनी सॉफ्टवेअर चालती ठेवली ती रोझेटा २ या भाषांतरकाराने. नवी चिप हातात येण्याआधीच तिची नक्कल करून तिच्यावर सॉफ्टवेअर तपासतात. हिंजवडीत केपीआयटीसारख्या कंपन्या गाड्यांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहितात, तिथेही यंत्राच्या पोटात शिरायची तयारी लागते. असा मुलगा मुलाखतीत रजिस्टर म्हणजे काय याची व्याख्या पाठ म्हणत नाही, आपला थरथरणारा चेंडू सांगतो.

कायद्याचं भय मात्र बाळगावं. सोनीने इम्युलेटर काढणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीला कोर्टात खेचलं, पण २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने यंत्र समजून घेण्यासाठी केलेली उकल वाजवी मानली. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सुद्धा प्रोग्रॅमच्या अभ्यासाला काही सवलती देतं. उलट स्विच कन्सोलचा युझू इम्युलेटर काढणाऱ्यांना मार्च २०२४ मध्ये निन्टेंडोला २४ लाख डॉलर कबूल करून गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा जुनी यंत्रं घ्या, कुलपं फोडू नका आणि फुकटात उतरवलेले गेम लॅपटॉपवर ठेवू नका. चिप-८ साठी लोकांनी हौसेने लिहून मोकळे सोडलेले खेळ भरपूर आहेत.

शाखेचं म्हणाल तर कॉम्प्युटर हुकलं म्हणून रडायचं कारण नाही. या मुलाला मी ई अँड टीसी सुद्धा वर लिहायला सांगितलं. घराजवळचं मविप्रचं ठाकरे अभियांत्रिकी महाविद्यालय यादीत घालाच, जाण्यायेण्याचा वाचलेला वेळ कोडला मिळतो. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर हे विषय मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. याचे तेच मुख्य आहेत. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीमचा पदविका अभ्यासक्रम आहे. अठरा पूर्ण झाली की गुगल समर ऑफ कोडमधून क्यूईएमयूसारख्या प्रकल्पावर मानधन घेऊन काम करता येतं, निवड झाली तर. आणि महागड्या 'गेमिंग कोर्स'चे पैसे भरू नका, हे मी स्वच्छ सांगतो.

निघताना वडिलांनी विचारलं, "मग लॅपटॉप तरी भारी लागेल ना? ग्राफिक्स कार्डवाला?" म्हटलं, चिप-८ ला सगळी मिळून ४ केबी मेमरी पुरते. फॅमिकॉमपर्यंत तर घरात पडलेला जुना लॅपटॉपही सहज चालेल. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने खाली. कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात कालच दहा हजार ॲडव्हान्स भरून झाला होता. तो परत मिळतो का बघायला दोघे तसेच स्कूटरवर निघाले.