दहावीचं गणित: सरावाची योग्य रीत

‘सगळे सरावसंच दोनदा सोडवून झालेत, घरी एकही गणित अडत नाही, मग पूर्वपरीक्षेत ४० पैकी २२च कसे?’ दहावीच्या वर्षात डिसेंबर-जानेवारी उजाडला की पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्नामागची काळजी खरी असते आणि मुलाने घेतलेले कष्टही खरे असतात. मग त्यावर उपाय म्हणून आणखी एक गाइड येतं, आणखी एक क्लास लागतो, रोजच्या गणितांची संख्या २० वरून ४० वर जाते. गुण मात्र फारसे हलत नाहीत. कारण अडचण बहुतेक वेळा गणितांच्या संख्येत नसते. सराव कोणत्या गोष्टीचा होतोय, तिथे ती असते.

पाठ्यपुस्तकातला कोणताही सरावसंच उघडून पाहा. वर्गसमीकरणं सूत्राने सोडवायचा संच असेल, तर त्यातली सगळी गणितं सूत्रानेच सुटतात. पहिलं सोडवलं की पुढची हात आपोआप सोडवतो. कोणती रीत वापरायची हे ठरवण्याची वेळच येत नाही, कारण ते वरच्या मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. पेपरात मथळा नसतो. तिथे प्रश्न वाचून आधी रीत ओळखावी लागते, मग सोडवायचं. घरी ज्याचा सराव झालेलाच नाही, नेमकं तेच परीक्षेत विचारलं जातं.

एक उदाहरण घेऊ. एका आयताकृती अंगणाची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे. लांबी आणि रुंदी काढायची आहे. आता पुढची अट तीन वेगवेगळ्या प्रकारे देऊ: (१) परिमिती ३४ मीटर, (२) क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, (३) कर्ण १३ मीटर.

पहिल्या प्रकारात रुंदी क्ष आणि लांबी य मानली की य − क्ष = ७ आणि य + क्ष = १७ ही दोन रेषीय समीकरणं मिळतात आणि चार ओळींत काम होतं. दुसऱ्यात क्ष(क्ष + ७) = ६०, म्हणजे क्ष² + ७क्ष − ६० = ० हे वर्गसमीकरण येतं. त्याचे अवयव (क्ष + १२)(क्ष − ५). तिसऱ्यात आधी पायथागोरसचं प्रमेय आठवावं लागतं: क्ष² + (क्ष + ७)² = १६९. हे सोपं रूप देत गेलं की पुन्हा क्ष² + ७क्ष − ६० = ० हेच समीकरण हाती येतं. तिन्ही वेळा रुंदी ५ मीटर आणि लांबी १२ मीटर.

अंगण तेच, उत्तर तेच, पण वाटा वेगळ्या. हे गणित मुलांपुढे ठेवलं की काय होतं ते पाहण्यासारखं असतं. समीकरण सोडवताना अडणारी मुलं थोडी असतात. ‘कर्ण’ हा शब्द वाचून पायथागोरसकडे वळायचं की नाही, इथे थबकणारी जास्त असतात. शिवाय क्ष = −१२ हेही एक उत्तर येतं. ‘रुंदी ऋण नसते, म्हणून क्ष = −१२ अमान्य’ हे वाक्य लिहिल्याशिवाय सोडवणूक पुरी होत नाही आणि घाईत हीच ओळ सुटते. अशी तीन गणितं शेजारी ठेवून सोडवली, तर एका रीतीची तीस सोडवल्यापेक्षा जास्त शिकवून जातात.

या पद्धतीचा अभ्यास संशोधकांनीही केला आहे. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातले डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दोन गटांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं: सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर राहिले. पुढे २०२० मध्ये रोरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर केलेल्या मोठ्या प्रयोगातही मिसळून सराव केलेले विद्यार्थी पुढे होते: ६१ टक्के विरुद्ध ३८ टक्के.

यातली पहिली गोष्ट पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. योग्य सराव करताना मूल जास्त चुकतं. घरी सगळं बरोबर येतंय याचं समाधान फसवं असू शकतं आणि घरच्या चुका ही परीक्षेतल्या गुणांची तयारी असू शकते.

पेपरची रचना ओळखा

राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात: भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. प्रत्येक पेपर ४० गुणांचा, २ तासांचा. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपरात पाच प्रश्न असतात. पहिला ८ गुणांचा, त्यात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. दुसरा १२ गुणांचा, दोन-दोन गुणांच्या उपप्रश्नांचा. तिसरा ९ गुणांचा, तीन-तीन गुणांचा. चौथ्यात चार-चार गुणांची दोन गणितं आणि पाचवा ३ गुणांचा, जरा वेगळा विचार करायला लावणारा.

म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांतच २० गुण आहेत, पेपरचे निम्मे. ज्यांना गणिताची धास्ती वाटते त्यांनी सगळी ताकद आधी इथे लावावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात ‘कृती पूर्ण करा’ या प्रकाराचे मिळून ७ गुण असतात. चौकटी भरायच्या असल्या, तरी सोडवणुकीतला प्रत्येक टप्पा का आला हे कळलं तरच त्या भरता येतात. म्हणून पुस्तकातल्या कृती वाचून सोडू नका, चौकटींवर कागद ठेवून स्वतः भरा. ज्यांना पैकीच्या पैकी हवेत, त्यांची कसोटी शेवटच्या दोन प्रश्नांच्या ११ गुणांवर लागते. संकीर्ण प्रश्नसंग्रहातली अवघड गणितं त्यांनी टाळू नयेत.

वेळेचा हिशेब साधा आहे: १२० मिनिटं आणि ४० गुण, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. सरावात एका गुणाला अडीच मिनिटांचा वेग धरा. त्या हिशेबाने १०० मिनिटांत पेपर होतो आणि तपासायला २० मिनिटं उरतात. गेल्या काही वर्षांत मंडळ शेवटी १० मिनिटं वाढवून देतं, ती या हिशेबात धरू नका.

सरावाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी प्रकरणवार. नवीन रीत शिकताना एका प्रकारची चार-पाच गणितं सलग सोडवावीच लागतात, त्याशिवाय हात बसत नाही. पण रीत बसली की तिथे थांबा. त्याच प्रकारची आणखी वीस गणितं सोडवणं म्हणजे वेळ घालवणं.

दुसरी पायरी मिसळीची आणि हीच सगळ्यात दुर्लक्षित राहते. बीजगणिताची सहा आणि भूमितीची सात प्रकरणं आहेत. त्यांतून रोज पाच-सहा गणितं अशी निवडा की लागोपाठची दोन एका प्रकरणातली नसतील. चिठ्ठ्या टाका, नाहीतर घरातल्या कोणाला तरी पुस्तक उघडून कुठलंही गणित सांगायला लावा. गणित वाचल्यावर पेन उचलण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा: काय दिलंय, काय काढायचंय, कोणती रीत लागेल. भूमितीत कच्ची आकृती आधी काढा. अडलात तर निदान दहा मिनिटं झगडा, मगच उत्तर पाहा. आणि पाहिलंत तर पुस्तक मिटून तेच गणित पहिल्यापासून लिहा, दोन दिवसांनी पुन्हा लिहा. उत्तर समोर ठेवून ‘हो, असंच तर आहे’ म्हणणं हे वाचन झालं, त्याला सराव म्हणता येणार नाही.

तिसरी पायरी पूर्ण पेपरची, पूर्वपरीक्षेनंतरची. आठवड्याला बीजगणिताचा एक आणि भूमितीचा एक पेपर घड्याळ लावून, एका बैठकीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवा. शक्य असल्यास परीक्षेच्याच वेळी, सकाळी. मग तो पेपर शिक्षकांकडून तपासून घ्या. गणितात पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकलं तरी सूत्र, किमती घालणं आणि पुढची मांडणी यांचे गुण मिळू शकतात, पण त्या पायऱ्या कागदावर असायला हव्यात. प्रमेयात पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता हा क्रम सोडू नका आणि प्रत्येक विधानासमोर कारण लिहा. भौमितिक रचनेतले कंस खोडू नका, तुमची रीत परीक्षकांना त्यातूनच दिसते.

चुकांची वही

शंभर पानी एक वही फक्त चुकांसाठी ठेवा. प्रत्येक चुकलेलं गणित तिथे लिहा आणि शेजारी एका ओळीत कारण: वाचताना चुकलो, रीत सुचली नाही, चिन्ह चुकलं, आकडेमोड चुकली, एकक विसरलो. महिन्याभरात आपली दुखणी कोणती ते दिसू लागतं. अनेकांच्या वहीत काही चुका सारख्या सापडतात: विवेचक काढताना स्थिरपद ऋण असेल तर चिन्ह न बदलणं, महत्त्वमापनात व्यास दिलेला असताना तोच त्रिज्या म्हणून वापरणं, सेंटिमीटर आणि मीटर मिसळणं, संभाव्यतेत नमुना अवकाश न लिहिता थेट उत्तर देणं, त्रिकोणमितीत अवनत कोन आकृतीत चुकीच्या जागी काढणं. ‘सिली मिस्टेक’ म्हणून यांच्याकडे कानाडोळा करू नका. एकाच प्रकारची चूक तीनदा झाली, तर तो अभ्यासाचा विषय आहे.

अर्थनियोजनाच्या प्रकरणात एक काळजी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे रद्द झाले, पाठ्यपुस्तकातली गणितं मात्र त्याआधीची आहेत. गणितात जो दर दिलेला असेल तोच वापरायचा, बातमीतला दर घालायचा नाही. दर कोणताही असो, राज्यांतर्गत व्यवहारात तो केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा विभागला जातो, ही रीत कायम आहे.

पालकांसाठी

आपल्याला दहावीचं गणित येत नाही, म्हणून आपण काही करू शकत नाही, असं अनेक आई-वडील मानतात. तसं नाही. ‘किती गणितं झाली?’ हा प्रश्न सोडून ‘आज कोणतं अडलं आणि ते कसं सुटलं, मला समजावून सांग’ असं विचारा. तुम्हाला सगळं कळलं नाही तरी चालेल. सांगता सांगता मुलाला स्वतःचं कच्चं कुठे आहे ते कळतं. रविवारी दोन तास टीव्ही बंद ठेवून पेपरसाठी घड्याळ तुम्ही लावा. शेजारच्या मुलाचे गुण घरात काढू नका. रात्री एकपर्यंत जागवून सोडवलेल्या दहा गणितांपेक्षा झोप झाल्यावर सोडवलेली पाच मोलाची, कारण आकडेमोडीच्या चुका थकव्यातच वाढतात. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. साधनांच्या बाबतीत आपण मागे पडलो असं समजून कर्ज काढून क्लास लावायची गरज नाही.

मूल घाबरून गणिताला हातच लावत नसेल, तर आधी रागावणं थांबवा आणि शाळेतल्या शिक्षकांना भेटा. एका-दोन विषयांत अडलं, तरी पुरवणी परीक्षा आणि अकरावीच्या प्रवेशासाठी एटीकेटी आहे. वर्ष वाया जातंच असं नाही, हे मुलाला परीक्षेआधीच शांतपणे सांगून ठेवा. भीती कमी झाली की हात चालतो.

पुढच्या वाटा आणि हे गणित

दहावीनंतर गणित सुटणार, असं अनेकांना वाटतं. विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलं, तरी भौतिकशास्त्रात सदिश आले की साइन-कोसाइन लागतातच. डिप्लोमा आणि आयटीआयचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात आणि तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाचं गणित दहावीच्या पायावरच उभं असतं. सीएच्या पहिल्या टप्प्यात संख्यात्मक क्षमतेचा स्वतंत्र पेपर आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे आणि एमपीएससीच्या सीसॅटमधलं अंकज्ञानही दहावीच्या पातळीचंच असतं. कला शाखेतून स्पर्धा परीक्षेकडे वळलेली कित्येक मुलं काही वर्षांनी हीच पुस्तकं पुन्हा उघडतात.

पण गुण कमी आले म्हणून वाट बंद झाली, असंही समजू नका. सांख्यिकी आणि अर्थनियोजन आवडत असेल तर वाणिज्यकडे पाहा, रचना आणि आकृत्यांत हात चालत असेल तर डिप्लोमा आणि आयटीआयकडे. कुठलं प्रकरण मनापासून सोडवावंसं वाटतं, यातून कल कळतो. गुणपत्रिकेवरच्या एका आकड्यातून तो कळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज संध्याकाळी पुस्तकातली पाच वेगवेगळ्या प्रकरणांतली पाच गणितं काढा, उत्तरं झाका, घड्याळ लावा आणि सोडवा. दोन चुकतील, कदाचित तीन. ती चुकांच्या वहीत लिहा आणि परवा पुन्हा सोडवा. पेपरला जाईपर्यंत हे रोज करा.